उंबऱ्यावरचं ऊन

"भावोजी, हा उंबरा आमचाच ना?"

हातात झाडू तसाच धरून नुन्झियाता चित्रासमोर उभी होती. आभाळात निळा रंग भरणारा एर्कोलेचा हात थांबला.

एर्कोलेचा धंदा पडझडीच्या चित्रांचा. रोममध्ये खऱ्या पडक्या देवळांना तोटा नव्हता, पण परदेशी गिऱ्हाइकांना ती हवी तशी, हवी तिथंच पडलेली लागत. म्हणून एर्कोले मनानेच देवळं बांधी आणि मनानेच पाडी. नीटनेटकं मोडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. माणसं मात्र त्याला जमत नसत. ती तुल्यो नावाचा दुसरा चित्रकार येऊन भरून जाई.

"उंबरे काय वहिनी, सगळे सारखेच."

"आणि ही खाच? इथं बसून हे कोयत्याला धार लावायचे. दगड झिजवलात म्हणून किती बोलायचे मी!"

गेल्या हिवाळ्यात डोंगरातल्या त्यांच्या गावी भूकंप झाला, तेव्हा नुन्झियाता माहेरी होती. तिचा नवरा आस्कानिओ, एर्कोलेचा थोरला भाऊ, घराखाली गाडला गेला. एर्कोले तिसऱ्या दिवशी पोचला. 'संध्याकाळ झाली होती, सगळं शांत होतं,' असं त्याने वहिनीला सांगितलं आणि तिला रोमला आपल्या घरी आणलं. तिचा त्याच्यावर विश्वास होता. आपल्या वाट्याचं चीजही ती त्याच्या ताटात वाढी, आणि तो एकेक घास चोरासारखा गिळी.

"ऊन अगदी तसंच काढलंत," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण आमच्या उंबऱ्यावर ऊन सकाळीच येतं, भावोजी. दुपारनंतर तिथं सावली असते."

एर्कोलेने कुंचला पुन्हा निळ्या रंगात बुडवला.

"आपापली घरं उपसणारे शेजारी सांगत होते, तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ह्यांच्या हाका येत होत्या म्हणून."

शरमेने त्याची मान वर होईना. "दाराची कमान फार सुंदर तुटली होती, वहिनी. वाटलं, चार रेघा मारू आणि मग दगड उपसायला लागू. पान भरलं, तरी हात थांबेना."

"हाक ऐकलीत?"

"ऐकली. बकरू असेल, म्हटलं." बोलता बोलता त्याला रडू फुटलं. "बकरू नव्हतं, वहिनी. मला कळलं होतं."

ती रडली नाही. ती चित्रावर आणखी वाकली. कोपऱ्यात, पडलेल्या खांबावर, बोटभर उंचीचा एक माणूस मांडीवर वही घेऊन चित्र काढत बसला होता.

"हा कोण?"

"तुल्योनं काल घातला. सगळ्याच चित्रांत घालतो तो. रीतच आहे तशी." त्या माणसाचा रंग अजून ओला होता. एर्कोलेने घाईघाईने चाकू उचलला आणि पातं टेकवलं.

नुन्झियाताने त्याचं मनगट धरलं.

"खरडू नका. बसलाच होता ना तो? बसू दे."

उंबऱ्याचा रंग केव्हाच वाळला होता. तिने कमरेच्या फडक्याचं टोक हातात घेतलं आणि गावी रोज सकाळी पुसायची, तसा तो उंबरा पुसला. मग झाडू घेऊन ती उरलेली खोली झाडायला लागली.