नाबाद शंभर

भेलेंनी काठीच्या टोकानं लुखान्योच्या मनगटावरचं घड्याळ ठोठावलं.

"हे काय सांगतं तुला?"

"हृदयाचे ठोके. झोप. दिवसात किती पळालो ते."

"आणि बॅट कुठल्या टोकाला धरायची, ते?"

निलगिरीच्या झाडाखाली बसलेले समितीचे लोक हसले. नाताळच्या दुसऱ्या दिवशी खोऱ्यातल्या सगळ्या गावांचे संघ स्पर्धेला इथं यायचे होते. त्याआधी स्कोअररच्या नव्या खोलीवर क्लबच्या सर्वश्रेष्ठ फलंदाजाचं नाव रंगवायचं होतं. नावं दोनच होती. भेले ऐंशीचे, सारं खोरं त्यांना आदरानं कुळाच्या नावानंच हाक मारी. लुखान्यो चौतिशीचा, नऊ हंगाम प्रांताकडून खेळून गावी परतलेला.

"माझ्या नावाखाली 'नाबाद १००' लिहायचं," भेले म्हणाले. "एकाहत्तरची फायनल. आणि काय ते आज ठरवा. पुढच्या नाताळपर्यंत थांबायला मला वेळ नाही."

त्यांच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली तीन नवी भोकं होती. त्याकडे कुणी पाहिलं नाही.

"शंभर," लुखान्यो म्हणाला. "कुणाविरुद्ध? पोस्टमन, दोन मास्तर आणि एक पाद्री. मी ताशी एकशे पंचेचाळीसचे बॉल खेळलोय."

"डोक्यावर लोखंडी टोपली घालून."

"टीव्हीवर लाखो लोक बघत असतात, भेले. ते दडपण तुम्हाला नाही कळायचं."

"टीव्ही." भेलेंनी बाजूला थुंकून घेतलं. "आमच्या मैदानाच्या कडेला पोलिसांची गाडी उभी असायची. आधी काळ्या माणसाचा पास दाखव, मग बॅटिंग कर. तुला काय दाखवावं लागतं? दात?"

नोझुको मिस मांडीवर जुनं धावपुस्तक घेऊन बसल्या होत्या. क्लबची पुस्तकं त्या सतराव्या वर्षापासून लिहीत होत्या आणि मधली छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. दोन काळांतले फलंदाज ताडून पाहणं म्हणजे दोन बिघडलेल्या तापमापकांवरचे आकडे एकमेकांतून वजा करणं, असं त्यांचं मत होतं. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते सांगितलं नव्हतं.

"आणि फिटनेसचं बोलायचं," भेले पुढे म्हणाले, "तर आम्ही अकरा मैल चालत यायचो आणि मग पळायचो. ह्याचा गुडघा बघा. चौतिसाव्या वर्षी गेला. तरी आमच्या भोपळ्यापेक्षा बरा म्हणायचा."

भोपळ्या म्हणजे झोलिले. तो थोडा दूर रोलरवर बसून खेळपट्टीवर अंथरायच्या मॅटची उसवलेली कड दाभणानं शिवत होता. एकाहत्तरच्या त्या फायनलमध्ये तो शून्यावर बाद झाला होता, आणि आज बहात्तराव्या वर्षीही भेले त्याला त्याच नावानं हाक मारत. त्यानं मान वर केली नाही.

"मिस, वाचा ती इनिंग," अध्यक्ष मझामो म्हणाले. "एकदाचा निकाल लावू."

मिसनी चष्मा पुसला आणि पान उघडलं.

"चौदा धावांवर भेलेंच्या पोटरीत गोळा आला," त्या म्हणाल्या. "त्यांच्या वतीनं पळायला रनर दिला. झोलिले."

ही इनिंग सगळ्यांना पाठ होती. रनर कुणालाच माहीत नव्हता.

"पुढच्या शहाऐंशी धावांत सहा चौकार. उरलेल्या बासष्ट झोलिले पळाला. समोरच्या फलंदाजाच्या वेगळ्या."

लुखान्यो मोठ्यानं हसला. "म्हणजे पाय दुसऱ्याचे. आणि मला फिटनेस शिकवताय."

"गाढव पाणी वाहतं," भेले म्हणाले, "म्हणून विहीर गाढवाची होत नाही." मग ते मिसकडे वळले. "मिस, पन्नास वर्षांत हे कधी बोलला नाहीत."

"कुणी विचारलं नाही." आणि आपल्या ह्या उत्तराची मिसना स्वतःलाच किळस आली.

लुखान्यो उठला. "माझं नाव काढा. ह्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही."

आता एकच नाव उरलं होतं, आणि तेही लोंबकळत. मझामोंनी मान वळवली. "झोलिले, तू मैदानात होतास. तूच सांग. ह्यांचं नाव लिहायचं का?"

झोलिलेनं दोरा दातानं तोडला.

"लिहा की. असे कव्हर ड्राइव्ह मी नंतर पाहिले नाहीत. ह्या पोराचे तर नाहीतच."

भेलेंनी येणं वसूल झाल्यासारखी मान डोलावली.

"पण शंभर लिहू नका," झोलिले म्हणाला. " नव्व्याण्णव लिहा."

"काय म्हणालास?" भेलेंनी विचारलं.

"शेवटच्या बॉलवरची एक धाव. सामना आपण आधीच जिंकला होता, फक्त तुमच्या शंभरासाठी ओव्हर पुरी खेळत होतो. लोक मैदानात घुसले. त्या गर्दीत पंचांनी धाव मोजली. मी रेषेच्या दोन पावलं अलीकडे उभा होतो."

"दमला होतास तू," भेले म्हणाले. त्यांचा आवाज जवळजवळ समजूत घालणारा होता.

"नाही. पोचता आलं असतं." झोलिलेनं दाभणात नवा दोरा ओवला. "पाण्याच्या वेळी तुम्ही पेला माझ्या हातातून काढून घेतलात. म्हणालात, भोपळ्याला कसली तहान."

मिसनी पेन्सिल उचलली, पण ती पानावर टेकवली नाही. त्या भेलेंकडे पाहत राहिल्या. भेले मात्र मैदानाच्या मध्यावर, खेळपट्टीच्या पलीकडच्या टोकाकडे बघत होते. मॅट अजून अंथरलेलं नव्हतं. तिथं नुसती लाल माती होती.