ओवायचं राहिलं

माझ्या लेकीच्या, अनुयाच्या लग्नाची यादी करायला दोन्हीकडची मिळून अकरा माणसं पनवेलच्या आमच्या घरात चार तास बसली होती. कागदाला मधोमध रेघ. डावीकडे वधूपक्ष, उजवीकडे वरपक्ष. हॉल, जेवण, मुलाचा सूट आमच्याकडे. शालू, बँड, पाहुण्यांची बस त्यांच्याकडे. विहिणीचे पाय धुवायचं चांदीचं ताम्हन कोणी आणायचं, यावर पाऊण तास गेला. आमच्या राममंदिरात बुवा दरवर्षी सीतास्वयंवराचं आख्यान लावतात. जनकराजाने सगळं दिलं आणि वर हात जोडले, इथं पेटी थांबते आणि माझे डोळे भरून येतात. त्या दिवशी मात्र मनात आलं, जनकाला यादी करावी लागली नव्हती.

मंगळसूत्राला वेळच लागला नाही.

"एक वाटी माहेरची, एक सासरची," चंद्रावतीबाई म्हणाल्या. त्या नवऱ्यामुलाच्या, इंद्रजीतच्या आई. राहायला नवीन पनवेलला, मूळच्या नगरकडच्या.

"रीतच आहे ती," सुनंदा म्हणाली. माझ्या बायकोने कुठलीही गोष्ट इतक्या चटकन मान्य केलेली मी पाहिली नव्हती.

लग्नाच्या दिवशी, मुहूर्ताला वीस मिनिटं राहिली असताना गुरुजींनी मंगळसूत्र मागितलं. सुनंदाने डबी उघडली. आत एक सोन्याची वाटी. चंद्रावतीबाईंनी डबी उघडली. आत एक सोन्याची वाटी.

"आणि काळे मणी?" गुरुजी म्हणाले.

"ते सासरकडून ओवून येतं ना!" सुनंदा म्हणाली.

"आमच्यात मुलीकडचे ओवतात. वाटी दिली की आमचं काम संपलं."

"यादीत कुठंय तसं?"

"मग तुमचं तरी कुठंय?"

मागून त्यांच्याकडची कोणीतरी बाई म्हणाली, "अगंबाई, सोनं आणलं आणि दोरा विसरले!" चार जणी हसल्या.

शेजारच्या खोलीत अनुया पिवळी साडी नेसून गौरीहरापाशी बसली होती. दार अर्धं उघडं. मला भीती एकच होती. हे आणखी दोन वाक्यं वाढलं, की दर सणाला तिच्या सासरी हाच विषय निघणार, आणि ते ऐकून घ्यायला ती एकटी असणार.

मी पुढं झालो. "विहीणबाई, चूक आमची. आमच्याकडून राहिलं."

हात जोडले. खरं सांगायचं तर ते भक्तीने जुळले नव्हते, थकून जुळले होते. लग्नाची तयारी सुरू होऊन चार महिने झाले होते.

सुनंदाने माझ्याकडे असं पाहिलं की घरी गेल्यावर काय होणार ते कळलं. पण चंद्रावतीबाईंनी आपली डबी गुरुजींपुढं ठेवली.

"बाजारात जाऊन ओवून आणेपर्यंत मुहूर्त जाईल," गुरुजी म्हणाले. पिशवीतून त्यांनी पांढरं सूत काढलं. "हळदीत भिजवा. हळकुंड बांधूनही लग्नं लागतात, तुमच्याकडे तर सोनं आहे."

सुनंदाने वाटीभर हळद कालवली, सूत बुडवलं आणि ओवायला बसली. टोक दर वेळी बाजूला जाई.

"आणा इकडं," चंद्रावतीबाई म्हणाल्या. "चष्मा कुठंय तुमचा?"

"घरी राहिला."

"तोही यादीत नव्हता वाटतं!"

सुनंदा हसली. नाइलाजाने, पण हसली. एकीने वाट्या धरल्या, दुसरीने ओवलं. दोघींची बोटं पिवळी झाली. लग्न वेळेवर लागलं.

जेवणाच्या पंगतीत चंद्रावतीबाई म्हणाल्या, "उद्या काळे मणी आम्ही आणू."

"छे, छे! आमची चूक ठरलीय ना आता," सुनंदा म्हणाली. "आम्हीच आणणार."

"अहो, असं कसं?"

"तसंच!"

मी डोळे मिटले. आता हे.

"आई," अनुया म्हणाली. दोघींनी एकदम वळून पाहिलं. त्या दिवसापासून दोघीही तिच्या आईच होत्या. "मणी मी आणीन. एक तारखेला पगार आहे माझा. सकाळपासून पोटात काही नाही, आधी कोणीतरी मला वाढा."

इंद्रजीतने मान खाली घालून जिलबीचा तुकडा मोडला. हसू लपवत असावा.

सवयीने मी खिशातली यादी काढली, पेन उघडलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मणी लिहायला जागा सापडेना. यादीची घडी घातली आणि वाढप्याला हाक मारली.