उलटी वकिली

आमच्या घरात मोठ्या खरेदीचा एक नियम आहे. ज्याला वस्तू हवी त्याने तिच्याविरुद्ध बोलायचं, आणि दुसऱ्याने तिची बाजू मांडायची. नियम माझाच. यांनी मला न विचारता व्यायामाची सायकल आणली आणि तिच्यावर टॉवेल वाळायला लागले, तेव्हा केलेला. त्यानंतर यांच्या कित्येक हौशी यांच्याच तोंडून मेल्या. मी खूश होते.

मग माझ्यावर पाळी आली. मी घरी शाळेचे गणवेश शिवते. पायाने मशीन चालवून गुडघे कामातून गेलेत. मला मोटरचं मशीन हवं होतं, आणि माझे वकील कोण, तर हे! बस चालवतात, बोलायचं सगळं काम हॉर्नकडे. भाव करायला गेले तर दुकानदाराचीच बाजू घेऊन परत येतात. त्यातून जिना असा रेंगाळत चढतात की रोज संध्याकाळी माझी बोलणी खातात.

रविवारी सकाळी बसलो. निवाडा लेकीकडे.

"जुनं मशीन चालतंय," मी सुरुवात केली. "माझ्या आईचं आहे, ते मी काढणार नाही. मग नवं ठेवायचं कुठे? डोक्यावर?" हरायचं ठरवूनच बसले होते, पण स्वभावाला औषध नाही. असा चेव चढला की मलाच ती उधळपट्टी वाटायला लागली.

"रंग छान आहे त्याचा," हे म्हणाले.

"हे काय कारण झालं?" मीच खेकसले. गेलं माझं मशीन! रडूच यायला लागलं.

"बाबा, अजून काही?" लेकीने विचारलं.

हे चष्मा पुसत राहिले. "मी जिन्यात असतो तेव्हा मशीनचा आवाज थांबतो. मग हिचं 'आई गं' ऐकू येतं. लगेच आत आलो तर ही तशीच चहाला धावते. म्हणून थांबतो जिन्यात. हिचे गुडघे जरा सुटे होईपर्यंत."

मी गुडघ्यांवर पदर ओढून घेतला.

"मशीन घ्यायचं," लेक म्हणाली.

"मग सायकल विकू या," हे पटकन म्हणाले. "नाहीतरी जागाच अडवते."

विरोधात बोलतो त्यालाच वस्तू हवी असते, हा नियम माझाच ना!

"काही विकायची नाही," मी म्हटलं. "आईचं मशीन पलंगाशेजारी मावेल. आणि मी टॉवेल कुठे वाळवू?"