गुंडूमामांनी निवडलेला स्टँड

"ह्यो न्हाय चालायचा," गुंडूमामा म्हणाले आणि त्यांनी दिव्याच्या स्टँडच्या बारीक पायाला बोटानं हलकंच ढकललं. वरचा आडवा दांडा लटपटला.

दुकानदार विश्वजित हसला. "पावणं, हलतोय जरा, पण पाच किलो पेलतोय की!"

"कुठं पेलतोय? बुडापाशी का टोकाला?"

विश्वजितनं दांड्याच्या टोकाकडे पाहिलं. स्नेहल बाजूला उभी राहून ऐकत होती.

गुंडूमामा तिचे सख्खे मामा नव्हते. तीस वर्षं त्यांनी लग्नांत व्हिडिओवाल्याच्या शेजारी उभं राहून हॅलोजनचा दिवा धरला होता. किती नवऱ्यांच्या तोंडावर त्यांनी उजेड पाडला असेल कोण जाणे. पण एकाही कॅसेटमध्ये ते स्वतः नव्हते. पुढे दिवे कॅमेऱ्यावरच बसले आणि त्यांचं काम सुटलं. स्नेहलनं उचगावात घराच्या वरच्या खोलीत हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांचे फोटो काढायला सुरुवात केली, तेव्हा तिनं त्यांनाच बोलावलं. टेबलावर पैंजण मांडायचे, कॅमेरा वरून आणि उजेडही वरून. मामा स्टुलावर चढून बांबूला बांधलेला दिवा टेबलावर धरत. चांदीत अंगावरचा रंगसुद्धा उमटतो म्हणून पांढरा सदरा घालून येत.

गेल्या आठवड्यात त्यांचा खांदा भरून आला, दिवा झुकला आणि स्टूल कलंडलं. लागलं नाही, पण स्नेहल घाबरली.

"मामा, आता स्टँडच आणूया. आन् तुमीच निवडायचा."

"आणूया की," ते म्हणाले खरे. पण त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. स्टँड आला की आपली गरज काय?

आताही दुकानात तोच विचार मनात आला. हा लटपटणारा स्टँड घेतला, तर आठ दिवसांत मान टाकेल. मग बांबू पुन्हा आपल्याच हातात! क्षणभर बरं वाटलं. लगेच स्वतःचीच शरम वाटली. दिव्याखालीच टेबलावर वाकलेली असते ती पोर.

"त्यो कोपऱ्यातला दावा," ते विश्वजितला म्हणाले.

तो लोखंडी होता, चांगलाच जड, पाय जमिनीलगत पसरलेले, त्यातला एक जास्त लांब. मामांनी आडवा दांडा पुरता लांब केला आणि घरून आणलेला दिवा टोकाला लावला. मागच्या टोकाला वाळूची पिशवी अडकवली.

"बांबू धरताना मागचा हात खाली दाबाय लागतोय," त्यांनी स्नेहलला समजावलं. "त्ये काम आता ही पिशवी करंल. आन् लांब पाय कायम दिव्याच्या अंगाला ठेवायचा. इसरायचं न्हाय."

"चाकाचा देऊ का?" विश्वजितनं विचारलं.

"नगं. आमची फरशी उताराची हाय. दिवा चालत जाईल जिन्यात."

तिघंही हसले. मामांनी स्टँडला पुन्हा ढकलून पाहिलं. दिवा जागचा हलला नाही.

"ह्यो घे," ते म्हणाले.

दुपारी वरच्या खोलीत स्टँड उभा राहिला. स्नेहलनं पैंजणाचा जोड मांडला आणि चार फोटो काढले. मामा सवयीनं हात अर्धे वर करून उभे होते. लक्षात येताच त्यांनी ते खाली घेतले.

"मामा, हिकडं या. बगा की."

ते टेबलाच्या या बाजूला आले. दोन वर्षं ते दिव्याकडे बघत होते. दिव्याखाली काय आहे, ते कधी नीट पाहिलंच नव्हतं. पैंजणाची टोकं अडकवायच्या फाशावर मोर होता. डाळीच्या दाण्याएवढा. त्याला डोळासुद्धा होता.

"एवढं बारीक काम असतंय व्हय ह्यात?"

"असतंय. पर त्यो डोळा फोटोत काळा येतोय."

मामांनी वाकून पाहिलं. मग दांडा धरून ठेवणाऱ्या गाठीचा स्क्रू सैल केला, दांडा वीतभर मागे घेतला आणि पुन्हा आवळला. मोराचा डोळा चमकला.

"आता काढ."

"उद्या धाला या," कॅमेऱ्यावरून मान न उचलता स्नेहल म्हणाली. "साठ जोड हायत. उजेड तुमीच लावायचा."

"येतो की."

पैंजणावर कुणाच्या तरी बोटाचा ठसा उमटला होता. मामांनी मऊ फडक्यानं तो हळूच पुसला आणि ते उजेडातून बाजूला झाले.