एकशे बारा ठिपके

घरात तिला सगळे संशोधक म्हणत. सहा वर्षांची असताना तिने आईचा मिक्सर आतून कसा असतो ते उघडून पाहिलं होतं आणि परत जोडल्यावर चार स्क्रू उरले होते, तेव्हापासूनचं हे नाव. आता संशोधक डिझाइन कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि गेले तीन आठवडे कॉम्प्युटरला चुका करायला शिकवत होती.

झालं होतं असं, की तिला जुन्या खोक्यांवरची छापील चित्रं फार आवडायची. रंग जरा सरकलेला, कुठे ठिपका उडालेला, कुठे शाई फिकी. त्यापुढे कॉम्प्युटरवरचं चित्र तिला इस्त्रीच्या रुमालासारखं वाटे. म्हणून तिने एक प्रोग्रॅम लिहिला. त्यात किटलीचं चित्र घातलं की तो पिवळा रंग तीन मिलिमीटर उजवीकडे सरकवायचा, निळ्यातले ठिपके मधूनमधून गिळायचा आणि किटलीच्या पोटावर एक फिकट पट्टा ओढायचा. कुठली चूक कुठे पडावी यासाठी तिने एवढं गणित घातलं होतं, की बारावीला इतकं केलं असतंस तर माझ्यासारखी इंजिनीअर झाली असतीस, असं दादा म्हणाला. वर सहा पानी टिपणही होतं. त्यात ‘अपूर्णता’ हा शब्द एकतीस वेळा आला होता, आणि दरवेळी तो लिहिताना संशोधकाला आपण फार खोल काहीतरी बोलतोय असं वाटलं होतं.

छपाई मात्र तिला येत नव्हती. ती तिला किरकोळ बाब वाटत होती.

कॉलेजात तिचा प्रोजेक्ट बघणाऱ्या मॅडमनी तिला स्क्रीन प्रिंटिंगवाल्या काकांचा पत्ता दिला. टायरच्या दुकानामागे, तीन पायऱ्या उतरून एक लांबट खोली. भिंतीला ओल्या कागदांच्या जाळ्या, थिनरचा वास, आणि मधल्या टेबलाशी बारीक चणीचे काका. औषधांची खोकी आणि पिशव्या छापण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. संशोधकाने प्रत्येक रंगाची एक अशा तीन पारदर्शक फिल्म त्यांच्या हाती दिल्या. काकांनी त्या उजेडात धरल्या, बराच वेळ पाहिल्या आणि म्हणाले, “शुक्रवारी ये, बाळ.”

शुक्रवारी चाळीस कागद तयार होते. संशोधकाने वरचा उचलला आणि उजेडात धरला. पिवळा लालच्या कडेला केसभरही न हलता बसलेला. पट्टा गायब. निळा रंग अखंड, तुकतुकीत.

काका जवळ आले आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, “तुझ्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बिघाड आहे. पिवळी फिल्म सरकलेली होती, ती मी जुळवून घेतली. निळीत एकशे बारा ठिपके गळले होते, ते पेनने भरले. मॅडमना काही बोललो नाही. होतं असं सुरुवातीला.”

संशोधकाने कागद परत गठ्ठ्यावर ठेवला. दोन दिवस खपून, डोळ्याला भिंग लावून या माणसाने तिचं अख्खं संशोधन पुसून काढलं होतं, तेही तिची लाज राखण्यासाठी.

“थँक्यू, काका,” ती म्हणाली आणि गठ्ठा घेऊन बाहेर पडली.

दादा फोनवर इतका हसला, की शेवटी त्याला ठसका लागला. “बरं, आता करणार काय?” त्याने विचारलं. सादरीकरण बुधवारी होतं.

शनिवारी सकाळी ती परत गेली. वाटेत तिने एक वाक्य घोकलं होतं. त्यात ‘अपूर्णता’ दोनदा होती. पायऱ्या उतरेपर्यंत ते डोक्यातून उडालं.

“काका, त्या चुका मी मुद्दाम केल्या होत्या.”

काकांनी चष्मा काढला. “मुद्दाम.”

“हो.”

“आणि मी त्या दुरुस्त केल्या.”

“हो.”

“मग काल सांगायचं नाही का, माझे बाई?” ते म्हणाले. रागावले नाहीत, पण त्या पेनने भरलेल्या ठिपक्यांची आठवण झाल्यासारखा त्यांनी आपला अंगठा चोळला. “हे बघ, वाकडं छापायला माझा हात वळायचा नाही. स्क्रीन तयार आहेत. तूच छाप.”

मग संशोधकाने छापलं. पहिला कागद स्क्रीनलाच चिकटून वर गेला. दुसऱ्यावर तिचा अंगठा उमटला. सातव्यापर्यंत स्क्रीनच्या बारीक जाळीत शाई सुकली आणि किटलीची मूठ नाहीशी झाली. काका हात मागे बांधून, दाढ दुखत असल्यासारखा चेहरा करून उभे होते.

“जोर उजव्या हाताला पडतोय तुझा. म्हणून डावीकडे फिकं,” ते म्हणाले. थोड्या वेळाने: “श्वास सोड. शाईची पट्टी ओढताना थांबलीस, तिथे जाड रेघ आली.”

दुपारी तिने आपले कागद ओळीने मांडले आणि शेजारी लॅपटॉपवर प्रोग्रॅमचं चित्र लावलं. प्रोग्रॅमच्या चुका मीठ भुरभुरावं तशा सगळीकडे सारख्या पसरलेल्या होत्या. कागदावरच्या प्रत्येक चुकीला मात्र कारण होतं: थकलेलं मनगट, सुकलेली शाई, घाई. तीन आठवड्यांच्या गणितात मनगट कुठेच नव्हतं. हे ध्यानात आल्यावर तिला आपल्या सहा पानांची अशी काही लाज वाटली, की ती टेबलाखाली पडलेला कागद उगाचच दोनदा उचलायला वाकली.

दोन दिवसांत तिने प्रोग्रॅम जमेल तेवढा बदलला. उजवीकडे जोर, कागदागणिक सुकत जाणारी शाई. टिपण अर्ध्या पानाचं केलं.

बुधवारी तिने प्रोग्रॅमची चित्रं, स्वतःचे कागद आणि काकांचा गठ्ठा असं सगळं भिंतीवर लावलं आणि घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. परीक्षक ठिपके भरण्याच्या जागी हसले. मॅडम मात्र सगळ्यात जास्त वेळ काकांच्या किटलीसमोर उभ्या राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, “कोड अजून कच्चा आहे. पण शनिवारपासून तू बघायला लागलीस.” गुण बरे मिळाले, फार नाहीत.

सुट्टीत संशोधक काकांकडे कामाला जायला लागली. पहिले पंधरा दिवस तिला फक्त स्क्रीन धुवायला मिळाले. मग एकदा मलमाच्या खोक्यांची दोन रंगांची छपाई तिच्यावर सोपवली. काकांनी भिंग लावून एक खोकं पाहिलं, मग दुसरं, आणि म्हणाले, “ठीक आहे.”

संध्याकाळी तिने दादाला फोन करून हे सांगितलं. काकांच्या तोंडून ‘ठीक आहे’ म्हणजे नेमकं काय, हे त्याला समजावून देताना तिची वीस मिनिटं गेली. तरी त्याला पटलं नाही.