मागचा दिवा

यादोरावच्या सायकलचा समोरचा दिवा असा होता, की एसटीनंसुद्धा बाजूला व्हावं. गोल, चकचकीत, वाटीएवढ्या काचेचा. रोज सकाळी वरठीच्या राइस मिलमध्ये कामाला निघताना तो आधी त्या काचेवर फडकं मारायचा आणि मग त्याच फडक्यानं स्वतःचं तोंड पुसायचा. मागच्या मडगार्डवरही एक लाल दिवा होता, त्याच डायनामोच्या तारेवर जळणारा, बोराएवढा. तो लागतो की नाही हे यादोरावनं कधी वळून पाहिलं नव्हतं. त्याला एकट्याला तरी काय नावं ठेवायची! आपल्याला पुढचं दिसलं की झालं. मागून येणाऱ्याला आपण दिसतो का, ही पंचाईत कोण करतो?

ती पंचाईत त्याची बायको आनंदाबाई करायला लागली, त्याला कारण घडलं. एकोणऐंशी सालचा मार्गशीर्ष होता. ती माहेराहून, आसगावहून, परत आली होती आणि वरठीला उतरून नवऱ्याच्या कॅरिअरवर बसून घरी निघाली होती. त्यांचं गाव मोहाडीच्या अलीकडं, आणि मिल न् गाव यांच्यामध्ये रेल्वेचं फाटक. दिवस बुडाला होता. फाटक बंद होतं. यादोरावनं पाय टेकवला, चाक थांबलं, आणि चाकाबरोबर पुढचा-मागचा दोन्ही दिवे गेले. डायनामोची जातच ती. चाक फिरतंय तोवर उजेड. दोघं अंधारात मालगाडीचे डबे पाहत उभी असताना मागून तुमसरकडच्या खाणींवर रिकामा परत चाललेला मँगनीजचा ट्रक आला आणि करकचून थांबला. इंजिनाची ऊब आनंदाबाईच्या पाठीला लागली. ड्रायव्हरनं मुंडकं बाहेर काढून विचारलं, "मरना है क्या? बत्ती कहाँ है?"

यादोराव हसला. "काहून भेतं एवढी? रोजचंच हाय ते," तो बायकोला म्हणाला.

त्याला वाटलं, धीर दिला. त्या 'रोजचंच'नं तिची झोप उडाली.

मोहाडीच्या बाजाराच्या दिवशी ती भाजीच्या आधी भैय्यालालच्या सायकल दुकानात शिरली. भैय्यालालनं उभ्या आयुष्यात बाईमाणसाला सायकलचं सामान विकलं नव्हतं.

"मागचा लाइट दाखवा. भरवशाचा पायजे."

"मागचा कोणी मागत नाही, बाई. समोरचा न्या. मोठा हाय."

"समोरचा हाय त्यायच्याकडे. तो एवढा मोठा हाय का मागचं काई दिसतच नाही त्यायले."

भैय्यालालनं हसू दाबत आधी एक लाल काच काढली. "याले ना तार ना सेल. मागून गाडीचा उजेड पडला का चमकते."

"अन् गाडीचाच लाइट गेला असन तं?"

काच परत डब्यात गेली. मग डायनामोवरचा नवा लाल दिवा आला. तिनं एकच विचारलं, "थांबल्यावर जळते का?"

"थांबल्यावर कसा जळन? चाक फिराले पायजे ना."

"थांबलेला माणूसच तं दिसला पायजे, भाऊ. पळणारा पळून जाते."

भैय्यालालनं तोही दिवा परत ठेवला. त्यानं फळीच्या तळातून दोन दिवे काढले, दोन्ही सेलवर चालणारे. एक प्लास्टिकचा, लाल-पिवळा, देखणा. दुसरा टिनाचा, काळा, कळकट. आनंदाबाईनं दोन्ही कानाशी धरून हलवले. प्लास्टिकच्यात सेल खुळखुळले. मग भैय्यालाल अरे-अरे करेपर्यंत तिनं दोन्ही दिवे पंक्चर पाहायच्या घमेल्यातल्या पाण्यात बुडवले.

"अवो बाई, ट्यूब हाय का ते!"

"बुडबुडे सांगते ना कोण खोटा हाय ते."

प्लास्टिकच्या दिव्यातून बुडबुड्यांची माळ निघाली. टिनाचा गप्प राहिला. वर काढून बटण दाबलं, तर लागला. धानाच्या रोवणीच्या मजुरीतून साठवलेले पैसे तिनं पदराच्या गाठीतून सोडले. भैय्यालाल आता आदरानं बोलू लागला होता. "याले टेल लाइट म्हणतात, बाई. टेल म्हंजे शेपूट."

ती हसली. घरी जाऊन शेपटीचा लाइट आणला म्हणून सांगितलं तर सगळे हसतील, असं तिच्या मनात आलं. तेच सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. हसले असते, एवढंच.

घरात माणसं तीनच. सासू गिरजाबाई ओसरीवर सुपात तांदूळ पाखडत होती आणि यादोराव चहा पीत होता. आनंदाबाई पिशवी न ठेवताच त्याच्यापुढं उभी राहिली. आनंदात होती बिचारी, आणि आनंदात माणूस शब्द तोलत नाही. म्हणाली, "आता तुमच्या मागं दिवा लावतो मी. मंग मले काई घोर नाही."

गिरजाबाईच्या हातातलं सूप पडलं.

मागं दिवा लावतात तो मेलेल्या माणसाच्या. जिथं त्याला शेवटचं निजवलं, त्या जागी दहा दिवस तेलाचा दिवा तेवत ठेवतात आणि तो विझू देत नाहीत. गिरजाबाईनं तसे दोन दिवे राखले होते. एक नवऱ्याचा, एक थोरल्या मुलाचा, मारोतरावचा. उरला होता तो हा एक यादोराव, आणि त्याची बायको भर ओसरीवर त्याच्या तोंडावर त्याच्या मागं दिवा लावायला निघाली होती. म्हातारीला दुष्ट म्हणणं सोपं आहे. ती दुष्ट नव्हती, भ्यालेली होती. पण भ्यालेलं माणूस घरात किती नासधूस करतं याचा हिशेब कुणी मांडत नाही.

"जित्या माणसाच्या मागं दिवा लावतं व! तोंड कसं झडलं नाही तुहं?"

"तसा दिवा नाही, आत्याबाई. सायकलचा लाइट हाय. टेल लाइट म्हणते त्याले."

"नाव बदललं तं वस्तू बदलते का? फेक म्हणतो तो!"

आनंदाबाईनं फाटक सांगितलं, ट्रक सांगितला, पाठीला लागलेली ऊब सांगितली. गिरजाबाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले होते. यादोराव एकदा आईकडं आणि एकदा बायकोकडं पाहत राहिला आणि शेवटी म्हणाला, "राहू दे ना. आईच्या मनाले लागलं." पुरुषमाणसाला घरात शांतता हवी असते, आणि ती त्याला नेहमी बायकोच्याच गप्प बसण्यातून हवी असते.

पण गुपचूप त्यानं एक केलं, आणि त्याबद्दल त्याला श्रेय दिलं पाहिजे. तो दिवा तो जेवणाच्या डब्याच्या थैलीत टाकून न्यायला लागला. मिलमधून निघताना मडगार्डला अडकवायचा आणि गावात शिरण्याआधी तलावाच्या पाळीवर उतरून काढायचा. असे वीस दिवस गेले. एका संध्याकाळी चुलीपाशी येऊन तो बायकोच्या कानात म्हणाला, "काल फाटकावर ट्रक लांबच थांबला. ड्रायव्हर काईच बोल्ला नाही." नवऱ्याला शिवी मिळाली नाही म्हणून एवढी सुखावलेली बायको त्या तालुक्यात दुसरी नसेल.

एकविसाव्या दिवशी गिरजाबाईनं थैली धुवायला घेतली.

या वेळी तिनं आरडाओरड केली नाही. मुलाचा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. "माही शपथ घे, बाबू. हा दिवा लावशील तं माहं मेलेलं तोंड पाहशील."

यादोरावनं शपथ घेतली. गिरजाबाईनं तो टिनाचा दिवा धानाच्या ढोलीत, खोल धानाखाली पुरला. आनंदाबाई भांडली. त्या दिवशी ती सासूला जे बोलली ते तिला स्वतःलाच नवीन होतं. दोन दिवस जेवली नाही. नवऱ्याला म्हणाली, "शपथ त्यायची हाय, जीव तं तुमचा हाय ना?" तो म्हणाला, "मी बाजूले उभा राहीन. तू कायले घोर करून राहिली?"

संक्रांत आठ दिवसांवर होती. धुकं संध्याकाळीच उतरत होतं. त्या दिवशीही फाटक बंद होतं, यादोरावनं पाय टेकवला, चाक थांबलं आणि दिवे गेले. तो बाजूलाच उभा होता. पण रस्त्याची बाजू कुठं संपते हे धुक्यात ट्रकला काय ठाऊक!

मिलमधला इश्वर त्याच्या मागोमाग पायी येत होता. त्यानंच बातमी आणली. पंचनामा झाला, घरी आणला, नेला. दुसऱ्या दिवशी इश्वर अंगणात बसून, कुणी न विचारता, पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, "ड्रायव्हर रडत होता. 'साब, आगे कुछ दिखा ही नहीं' म्हणे. 'जरा भी लाल दिखता तो मैं रोक लेता' म्हणे."

दारात बसलेल्या गिरजाबाईनं ते ऐकलं. मुलानं तिची शपथ मोडली नव्हती. मेलेलं तोंड मात्र तिलाच पाहावं लागलं होतं. एवढं ऐकून तिनं काहीतरी समजून घेतलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण समजून घेण्यात तिचाच जीव गेला असता, आणि समोर सून होती.

"हिच्या तोंडून निघालं," ती येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगू लागली. "म्हणे तुमच्या मागं दिवा लावतो. निघालं अन् झालं."

बायका माना हलवायच्या. गावात ते वाऱ्यासारखं पसरलं. वीस दिवस दिवा होता तेव्हा ट्रक लांब थांबत होता, आणि दिवा काढला तेव्हा यादोराव गेला, हे सांगायला आनंदाबाईनं तोंड उघडलं की बायका तिचं तोंडच पाहायच्या. याच तोंडातून ते निघालं होतं ना! जिनं एकटीनं त्याला वाचवायची खटपट केली, तिच्याच कपाळी नवरा खाल्ल्याचा ठपका आला.

पाचव्या दिवशी दिवेलागणीला घरात सासू-सून धरून पाच बायका होत्या. आतल्या भिंतीशी, यादोरावला निजवलं होतं त्या जागी, दिवा तेवत होता. शेजारची शकुनबाई हळू आवाजात म्हणाली, "काई काई बायायच्या जिभेवरच असते व ते." आनंदाबाईनं ऐकलं. तेवढ्यात दार ढकलून वारा आत आला आणि ज्योत आडवी झाली.

"विझू देऊ नोका!" गिरजाबाई किंचाळली. "माह्या बाबूचा दिवा हाय!"

चार बायका धावल्या. कुणी पदर धरला, कुणी ओंजळ. आनंदाबाई उठली ती ढोलीकडं गेली. खांद्यापर्यंत हात धानात घातला, चाचपडली, टिनाचा डबा वर काढला, लुगड्यानं त्याच्यावरचं तूस पुसलं आणि बटण दाबलं.

दिवा लागला. तिनं तो तेलाच्या दिव्याशेजारी ठेवला. भिंत लाल झाली.

"हा विझत नाही, आत्याबाई," ती म्हणाली. "वाऱ्यानं बी नाही अन् थांबल्यावर बी नाही. पाण्यात बुडवून पाह्यला होता मी."

"उचल तो," गिरजाबाई म्हणाली. "अपशकुनी हाय. उचल म्हणतो."

"कायले उचलू? आता तं त्यायच्या मागं दिवा लावाचाच हाय ना?"

तेलाच्या दिव्याभोवती चार बायकांचे आठ हात तसेच राहिले, तांबडे दिसत. शेजारच्या दिव्याला कुणाच्या हाताची गरज नव्हती. तो आपला जळत राहिला. त्याचे सेल अजून नवेच होते.