मुठीत धरायचा चाकू

चाकू चांगला होता. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक म्हणतील उषानं खोटा माल पाहून हुज्जत घातली. हुज्जत मी घातली, पण चाकूत खोट नव्हती.

पांढुर्ण्याच्या बाजारात कुलदीपचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्यानं चाकू काउंटरवर ठेवला. हातात देल्ला नाही. धारेची वस्तू हातोहात देली की भांडण होते म्हणतात, म्हणून ठेवायची आणि समोरच्यानं उचलायची. घडीचा चाकू होता, मूठ शिसमची, चांगली जाड. मीच उघडला. पातं टोकाशी वाकलेलं, पोपटाच्या चोचीवानी.

"एक नंबर माल आहे वहिनी," कुलदीप म्हणाला. "डिंक्या खरडायले याच्यासारखा दुसरा नाही. बुंध्याले बराबर बसते."

आमचे हे दुकानाच्या पायरीवर उभे होते, रस्त्याकडं तोंड करून. उजवा हात पँटच्या खिशात. पोळ्यापासून तो हात चारचौघांत खिशातच राहते.

"अहो, पाहा नं इकडं," मी म्हटलं.

"पाह्यला."

पाह्यला कुठं? पाठ होती आमच्याकडं!

ह्यांचं नाव श्रावण. मोहगाव, रामाकोना, तिगाव, कुठंबी संत्र्याच्या नर्सरीत जा आणि विचारा, डोळे भरणारा श्रावण कोण. डोळा भरणं म्हणजे जंबेरी लिंबाच्या रोपाले चाकूनं बारीक चीर द्यायची, संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा सालीसकट अलगद काढायचा आणि त्या चिरेत बसवायचा. लागला की पुढं त्याचंच झाड होते. हे काम सरळ पात्याच्या बारक्या चाकूचं, अंगठ्याचं आणि दोन बोटांचं. हे पुढं डोळे बसवत जायचे आणि मी मागून प्लास्टिकची पट्टी गुंडाळत जायची. पट्टी घट्ट पाह्यजे. आत हवा गेली, पाणी गेलं, की डोळा मेला. आमचे शंभरातले पंच्याण्णव लागायचे. नर्सरीवाले म्हणायचे, हात श्रावणचा आणि पट्टी उषाची. अठरा वर्षं ऐकलं मी हे, आणि ऐकून फुगून जायची, खोटं कायले बोलू.

वाकड्या पात्याचा चाकू डोळे भरायचा नाही. तो खरडायचा. झाडाले डिंक्या लागला, बुंध्यातून डिंक गळायले लागला, की सडकी साल खरडून काढायची आणि वरून मलम फासायचं. त्याले बोटं लागत नाहीत. मूठ वळली आणि आपल्याकडं ओढलं की झालं. रोजीनं आलेला कोणीबी करते ते काम. म्हणून तो चाकू घेणं म्हणजे ह्यांनी कबूल करणं, की आपला डोळे भरायचा हात गेला. साडेतीन महिने झाले, ह्यांनी ते कबूल केलं नव्हतं. रोज संध्याकाळी आपला जुना सरळ चाकू डाव्या हातानं दगडावर घासत बसायचे. घासायचे, पुसायचे, कोनाड्यात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी परत तेच.

मोहगावच्या रघुनाथरावांची नर्सरीबी आहे आणि जुना बगीचाबी. त्यांचा निरोप आला होता. श्रावणले डोळे भरायचं जमत नसलं तर बगीच्यात ये म्हणा, डिंक्यानं झाडं धरली आहेत, पूर्ण हिवाळा काम पुरते. सोमवारी नाही आला तर दुसरा माणूस पाहतो. चाकू घ्यायले गेलो त्या दिवशी शनिवार होता. दुसरं कुठूनच बोलावणं नव्हतं. अर्ध्या हाताच्या माणसाले कोण बोलावते?

हाताचं काय झालं ते सांगायलाच पाह्यजे. सांगू नये असं वाटते, पण सांगते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या इकडं गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड उभं करतात, वर झेंडा, आणि इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, दिवसभर एकमेकांवर गोटे. बाहेरच्याले ते येडेपण वाटते. आमी त्यातच लहानाचे मोठे झालो. माझं माहेर सावरगावचं. ह्यांनी दहा वर्षांत गोटा उचलला नव्हता. त्या दिवशीबी नुसते काठावर उभे होते, दगडी कठड्यावर हात टेकून. माझ्या माहेराकडून गोटा आला तो सरळ त्या हातावर. खाली कठडा, वर गोटा.

डॉक्टरांचा तंबू शंभर पावलांवर होता. गेलो नाही. गोटमारीत लागलं की देवीच्या देवळातली भभूत लावायची, हेच मी जन्मापासून पाह्यलं. माझ्या बापानं फुटल्या डोक्याले लावली, भावानं पायाले, आणि दोघं दुसऱ्या दिवशी वावरात. मी ह्यांले घरी आणलं आणि भभूत दाबली. रक्त थांबेना. मंग मी पट्टीचं बंडल काढलं, आमचं नर्सरीतलं. माझ्या हाताले दुसरं काय येते? बोटं एका जागी आणली आणि पट्टी गुंडाळली, ताणून ताणून, हवा जाऊ नये, पाणी जाऊ नये. बांधून झाल्यावर मीच पाहत राह्यली. अशी सुरेख पट्टी कोणी बांधून दाखवावी, असं मनात आलं माझ्या. देवा रे!

हे म्हणाले, "जरा घट्ट झाली."

मी म्हटलं, "घट्टच पाह्यजे. गप पडा."

दोन दिवस हे कण्हत राह्यले आणि मी हळदीचं दूध पाजत राह्यली. तिसऱ्या दिवशी वास आला. तवा कुठं नागपूरले नेलं. डॉक्टरनं कात्रीनं पट्टी कापली, आत बोटं काळी पडलेली. त्यानं विचारलं, "इतकं आवळून कोणी बांधलं?" मी तोंड उघडायच्या आधी हे म्हणाले, "मीच बांधलं साहेब." आता एका हातानं कोणी असं बांधू शकते काय? पण डॉक्टरले घाई होती, त्यानं तेच लिहून घेतलं. दोन बोटं मुळापासून काढली. अंगठा राह्यला तो वाळल्या काडीवानी ताठ. गोट्यानं बोटं फुटली होती, पण मेली ती माझ्या पट्टीनं. हे मले ठाऊक, ह्यांले ठाऊक, तिसऱ्या कोणाले नाही.

त्यावर ह्यांनी मले एक शब्द म्हटला नाही. शिव्या देल्या असत्या, ताट फेकून मारलं असतं, तर मीबी चार बोलली असती, रडली असती, पाय धरले असते. हे बोलतच नव्हते. जेवण वाढलं की जेवायचे. माझ्याच्यानं ते सहन होत नव्हतं, म्हणून मी सगळ्या दुनियेवर तोंड टाकत फिरायची.

त्या दिवशी कुलदीपवर टाकलं. "वाक जास्त आहे याचा. मूठ गुळगुळीत आहे, घाम आला की सुटन. आणि घडीचा चाकू, खटका ढिला पडला की बोटावर मिटते. आमच्या घरी बोटं का उतू चालली आहेत?"

माझीच जीभ मले चावली.

"घ्यायचा नाही तर राहू द्या वहिनी," तो म्हणाला.

"घ्यायचा कसा नाही?" मी पायरीकडं वळली. "अहो, तुमी सोमवारी काय नखानं झाडं ओरबाडणार आहात? साडेतीन महिने मी बोलली नाही. आता बोलते. तो जुना चाकू घासून घासून संपन, पण तुमचा हात नाही येणार परत. नाही येणार!"

रस्त्यावरची दोन माणसं थांबली. हे वळले. मले वाटलं, आता निघून जाते हा माणूस, सरळ घरी जाते आणि कोनाड्यातला चाकू घेऊन बसते.

हे आत आले आणि खिशातून हात काढला. कुलदीपनं एकदा पाह्यलं, मंग खिळ्यांचा डबा ओढला आणि उगाच खिळे निवडायले लागला. ह्यांनी चाकू उचलला, काउंटरवर दाबून मिटवला आणि परत उघडायले गेले. घडीचा चाकू उघडायले एका हातात मूठ आणि दुसऱ्या हाताचा अंगठा लागते. ताठ अंगठा पात्यावरून घसरला. दोनदा घसरला. मी हात पुढं केला.

"राहू दे," हे म्हणाले.

डाव्या हातात मूठ धरली, पात्याची पाठ दातात पकडली आणि उघडला. पोलादावर दात वाजलेले मले ऐकू आले. मंग चाकू पाह्यला तसा, जसा ते आधी पाहायचे. पातं हलवून खिळा ढिला आहे का पाह्यलं. खटका दाबून पाह्यला. धार डाव्या अंगठ्यावर आडवी फिरवली. मंग उजव्या हाताच्या राह्यलेल्या दोन बोटांत आणि तळव्यात मूठ दाबून धरली आणि कोपऱ्यातल्या फावड्याच्या नव्या दांड्याले पातं लावून ओढलं. लांब साल निघाली. चाकू हातातून सुटला नाही. परत ओढलं, परत निघाली.

"बसते," हे म्हणाले. "घेण्यासारखा आहे."

मले आनंद व्हायले पाह्यजे होता. सोमवारचं काम पक्कं झालं होतं, मी तोंड फाडून जे मागितलं ते झालं होतं. पण मले वाटलं, तो हात दुसऱ्यांदा कापला आणि या वेळेस मीच कापायले लावला. पदर तोंडात धरून मी उभी राह्यली.

"आणि कुलदीप, डोळे भरायचा सरळ एक काढ," हे म्हणाले. "बारक्या मुठीचा."

मी घाबरली. म्हटलं, वेडी आशा काही जात नाही या माणसाची. "अहो, कायले तो?"

"तुले," हे म्हणाले. "माझ्या चाकूची मूठ तुझ्या हाताले मोठी पडन. रघुनाथरावाकडं नर्सरीतबी माणूस पाह्यजेच आहे. चिरा तू दे आता. अठरा वर्षं मागून पाह्यलं तू, येते तुले."

मले खरंच रडू आलं. बायकांच्या हाती तो चाकू आमच्या इकडं कोणी देत नाही, बायका पट्टी बांधतात. आणि हे स्वतःहून देऊन राह्यले होते, ज्या बाईनं त्यांचा हात नासवला तिले. मले वाटलं, माफ केलं ह्यांनी. तेवढा वेळ मले खरंच तसं वाटलं.

कुलदीपचंबी तोंड फुललं. "वा भाऊ! मंग काय, चीरबी वहिनी देतीन आणि पट्टीबी वहिनीच बांधतीन. दुसऱ्याची गरजच नाही."

"नाही," हे म्हणाले. "पट्टीले शेजारच्या केसरबाईले नेऊ. ही बांधणार नाही."

"काऊन? वहिनीसारखी पट्टी अख्ख्या तहसिलीत कोण बांधते?"

हे नवीन चाकू मिटवत होते. काउंटरवर दाबून, हळूहळू. माझ्याकडं पाह्यलं नाही.

"लय घट्ट बांधते," हे म्हणाले.

कुलदीप हसला. त्याले ती तारीफच वाटली, आमच्या धंद्यात ती तारीफच आहे. मी दोन्ही चाकू पिशवीत टाकले आणि पैसे देले. साडेतीन महिने मी ज्या बोलण्याची वाट पाहत होती ते एवढंच होतं. घरी येईपर्यंत हे पुढं चालत होते आणि मी मागं.

सोमवारी मोहगावले गेलो. ह्यांनी पहिल्या झाडापाशी दातानं चाकू उघडला आणि कामाले लागले. नर्सरीत वाफ्यावर वाकून मी चिरा देत होती आणि पलीकडून खरड, खरड असा आवाज येत होता. माझे पहिले दहा डोळे नासले. मंग हात बसला. डोळा सालीत असा सरकायचा, की मले माझंच नवल वाटायचं, आणि ते कोणाले सांगावं हे कळायचं नाही.

मागून केसरबाई पट्टी बांधत येत होती. म्हातारी भली आहे, पण बोटात जोर नाही. मी वळून पाह्यलं तर पट्टी सैल, आत नख जाईल एवढी. पाणी शिरणार, डोळा मरणार, मले समोर दिसून राह्यलं होतं. आधीची मी असती तर पट्टी फाडून तिच्या अंगावर फेकली असती.

"घट्ट झाली काय वं, उषा?" तिनं विचारलं. "अजून ओढू?"

पलीकडं आवाज थांबला होता. हे बुंध्यापाशी उभे राहून आमच्याकडं पाहत होते.

"नाही," मी म्हटलं. "तेवढीच राहू दे."